बंदराच्या बाजूने वेंगुर्लं

वेंगुर्ल्यात डच वखारीचा रस्ता विचारला की रस्ता मिळतो आणि त्याबरोबर सल्लाही मिळतो, "थंय काय बघतलास? नुसती भितां आसत." भिंती आहेत हे खरं. जांभ्या दगडाच्या, चांगल्या जाड, दुमजली वास्तूच्या भिंती. छप्पर केव्हाच गेलंय. खिडक्यांच्या चौकटींतून पिंपळ-वडाची रोपं बाहेर आलीत आणि त्यांची मुळं दगडांच्या सांध्यांत शिरलीत. पावसाळ्यात आतल्या चौकात गुडघाभर रान माजतं. पण जिच्या नफ्या-तोट्याकडे सतराव्या शतकातलं निम्मं जग डोळे लावून बसायचं, अशा कंपनीचे कारकून या भिंतींच्या आत बसून हिशेब लिहीत. बारा हजारांच्या आसपास वस्तीच्या या गावात, माझ्या आजोळी, ही गोष्ट शाळेत कुणी सांगितली नव्हती. आम्ही मे महिन्यात मुंबईहून यायचो, आंबे-फणस खायचो, जून उजाडायच्या आत परत जायचो. गावाला येणाऱ्याला गाव बघायचं नसतं, माणसांना भेटायचं असतं.

या खेपेला मी ठरवून पर्यटक म्हणून गेले. आजोळचं घर आता बंद असतं. नातेवाईक आहेत, पण मी लॉजवर उतरले, आणि गाव घराच्या बाजूने नव्हे तर बंदराच्या बाजूने चढत जायचं असं ठरवलं. नातलगांना हे पटलं नाही. "आपला घर आसताना लॉजार कित्याक?" हा प्रश्न मावशीने फोनवर विचारला, मामेभावाने बाजारात विचारला, आणि मासळी बाजारातल्या एका अनोळखी बाईनेही विचारला. सुंगटांचा वाटा हातात देता देता तिने "खंयची गो तू, बाय?" असं म्हणून माझं सगळं कुळ काढलं होतं. तिघांनाही एकच उत्तर दिलं: पाहुणी म्हणून आले की तुम्ही मला घरातून बाहेर पडू देत नाही.

बंदर गावापासून जरा बाजूला आहे. एक टेकडी समुद्रात शिरते आणि तिच्या आडोशाला पाणी शांत होतं. वर दीपगृह आणि जुना विश्रामगृहाचा बंगला, खाली धक्का आणि मासेमारीच्या होड्या. त्या टेकडीवर उभं राहिलं की गावाचा सगळा इतिहास एका नजरेत समजतो. पाठीमागे माडांत बुडालेलं गाव, आणि दक्षिणेला, पूर्वीच्या गलबतांच्या हिशेबाने एका दिवसाच्या अंतरावर, गोवा. गोव्यामुळेच डच इथे आले. पोर्तुगीजांचा व्यापार मोडायचा तर मांडवीचं तोंड अडवायला हवं, आणि नाकेबंदी करणाऱ्या जहाजांना पाणी, तांदूळ, भाजीपाला द्यायला जवळच एक मित्रबंदर हवं. वेंगुर्लं तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीत होतं. आदिलशाहीची परवानगी मिळवून १६३७ च्या सुमारास डच ईस्ट इंडिया कंपनीने इथे ठाणं मांडलं. १६४४ मध्ये पोर्तुगीजांशी तह होईपर्यंत त्यांची जहाजं हंगामामागून हंगाम गोव्यासमोर उभी राहत आणि रसदेला वेंगुर्ल्याला येत. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याच काळात या किनाऱ्याने फिरला. किनाऱ्यालगत लांबवर पसरलेलं हे गाव, इथलं चांगलं पाणी, तांदूळ आणि वेलची यांची त्याने नोंद केली आहे. इथलं पाणी आजही गोड आहे, हे मी लॉजच्या विहिरीचं पिऊन सांगू शकते.

तहानंतरही डच लगेच गेले नाहीत. गोव्याच्या दारात बसून बातमी काढायला ही जागा सोयीची होती, आणि खुष्कीच्या मार्गाने जाणारी कंपनीची पत्रंही इथून पुढे रवाना होत. पुढे त्यांच्या लेखी ठाण्याचं महत्त्व ओसरलं. शतक संपायच्या आत ते निघून गेले. मराठे, मोगल, पोर्तुगीज, वाडीचे सावंत यांच्या ओढाताणीत गावाने बरंच सोसलं, ते एकाहून अधिक वेळा जळलंही. १७७२ मध्ये इंग्रजांनी इथे आपली वखार काढली आणि १८१२ मध्ये सावंतवाडीकरांकडून हे बंदर कायमचं घेतलं.

इंग्रजांना गोव्यावर पहारा नको होता, त्यांना बेळगावला जायचा रस्ता हवा होता. वेंगुर्ल्याची खरी भरभराट इथून सुरू होते, आणि गावात चालताना तिच्या खुणा पदोपदी लागतात, फक्त त्या एका ओळीत लावून घ्याव्या लागतात. बंदरावरून निघालेला रस्ता बाजारात येतो, पुढे गाडीअड्ड्यावरून आणि कॅम्पावरून सावंतवाडीकडे वळतो. सावंतवाडीहून आंबोलीचा घाट चढला की बेळगाव. सगळं अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आत-बाहेर. बेळगावच्या छावणीतली गोरी पलटण मुंबईहून जहाजाने वेंगुर्ल्याला उतरे आणि इथून घाट चढे. जुना रामघाट अवघड पडू लागला म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आंबोलीमार्गे गाडीरस्ता झाला, आणि घाटावरचा कापूस, गूळ, हिरडा बैलगाड्यांच्या रांगांनी खाली येऊ लागला. परतीच्या गाड्यांत मीठ, नारळ, सुकी मासळी, मुंबईचं कापड. त्याच सुमारास १८७० च्या दशकात नगरपालिका आली. एवढ्याशा गावाला इतक्या लवकर नगरपालिका का मिळाली, याचं उत्तर या रस्त्यात आहे.

रस्त्याने आणलेली ती भरभराट रेल्वेने परत नेली. १८८८ मध्ये मुरगाव बंदर लोहमार्गाने घाटमाथ्याला जोडलं गेलं, बेळगावलाही रेल्वे आली, आणि घाटावरच्या मालाला बैलगाडीची गरज उरली नाही. वेंगुर्ल्याकडे माल यायचा बंद झाला, माणसं मात्र जात राहिली. मुंबईला जायला आगबोट होती. शंभर वर्षांच्या आसपास कोकणाची ही जीवनवाहिनी होती, आणि माझ्या आईच्या पिढीची वेंगुर्ल्याची पहिली आठवण आगबोटीचीच आहे. बोट खोल पाण्यात उभी, धक्क्यावरून होडीने तिथवर जायचं, लाटेवर होडी वर आली की त्या क्षणाला कुणीतरी दंडाला धरून वर ओढणार. 'रोहिदास' आणि 'चंद्रावती' ही नावं आजही साठीपुढच्या कोकण्याला नातेवाइकांच्या नावांसारखी आठवतात. पावसाळ्यात सेवा बंद, म्हणून गणपतीला मुंबईचा चाकरमानी यायचा तो एसटीने, घाटांतून उलट्या काढत. ऐंशीच्या दशकात आगबोट कायमची थांबली. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर धावू लागली, पण ती वेंगुर्ल्याला शिवत नाही. कुडाळला नाही तर सावंतवाडी रोडला उतरायचं आणि पुढे रिक्षा किंवा एसटी. ज्यांनी कोकणच्या रेल्वेसाठी संसदेत आयुष्यभर आवाज उठवला, ते बॅरिस्टर नाथ पै १९२२ साली याच गावात जन्मले होते. १९५७ पासून ते राजापूर मतदारसंघातून निवडून येत राहिले आणि १९७१ मध्ये, अवघे अठ्ठेचाळीस वर्षांचे असताना, गेले.

वेंगुर्लं मागे पडलेलं गाव, झोपलेलं गाव, असं आम्हीच म्हणत आलो. मला आता ते मान्य नाही. बंदर बंद पडलं तरी बंदराची सवय गावातून गेली नाही. बाहेरून आलेलं इथे रुजवायचं आणि इथलं बाहेर पाठवायचं, ती सवय. तिचे पुरावे पर्यटकाला दाखवण्यासारखे आहेत, पण ते किनाऱ्यावर नाहीत म्हणून कुणी दाखवत नाही.

सेंट ल्यूक्स हॉस्पिटल हा त्यातला एक पुरावा. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं हे रुग्णालय, आणि तिथे काम करणारं डॉक्टर गोहीन यांचं कुटुंब. आसपासच्या खेड्यांतली माणसं डोलीतून, होडीतून इथे आणली जात. या दाम्पत्याला १९१९ च्या १५ ऑगस्टला वेंगुर्ल्यात मुलगा झाला, रॉबर्ट. हा मुलगा पुढे १९५७ ते १९७२ प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष होता. त्याच्याच कारकिर्दीत त्या विद्यापीठाने मुलींना पदवीसाठी प्रवेश द्यायला सुरुवात केली. नंतर १९७७ मध्ये तो अमेरिकेचा राजदूत म्हणून दिल्लीला आला. मंगेश पाडगांवकर याच परिसरात १९२९ मध्ये जन्मले, हे गावाला ठाऊक आहे आणि गाव ते अभिमानाने सांगतं. गोहीन मात्र कुणाच्या तोंडी येत नाही. त्याचाही तेवढाच अभिमान वाटायला काय हरकत आहे?

दुसरा पुरावा फळांचा. काजू ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी आणलेला, आणि आज वेंगुर्ल्याची ओळखच काजूने आहे. १९५७ मध्ये इथे फळ संशोधन केंद्र सुरू झालं, आता ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. महाराष्ट्रातल्या कुठल्याही काजू बागायतदाराला 'वेंगुर्ला-४', 'वेंगुर्ला-७' म्हटलं की पुढे सांगावं लागत नाही. त्या जातींची वंशावळ वाचताना मला जो आनंद झाला तो एखाद्या देवळाच्या बखरीनेही झाला नसता. 'वेंगुर्ला-१' निवडली गेली ती शेजारच्या अणसूर गावातल्या झाडातून. 'वेंगुर्ला-४' चे आईबाप म्हणजे एक बंगालकडचं मिदनापूर रेड आणि दुसरं वेतोरे गावातलं छप्पन्न क्रमांकाचं झाड. वेतोरे म्हणजे आमच्या मावशीच्या सासरच्या वाटेवरचं गाव. तिथे कुणाच्या तरी परसात उभं असलेलं एक झाड कुणीतरी निरखलं, त्याला क्रमांक दिला, आणि त्याचं रक्त आज कितीतरी हजार एकरांत आहे. आंब्याच्या 'रत्ना' आणि 'सिंधू' या जातीही इथल्याच. हापूसला दक्षिणेच्या नीलमची जोड देऊन रत्ना झाला, आणि रत्नाची हापूसशी पुन्हा गाठ घालून सिंधू, ज्याची कोय इतकी पातळ की कापताना सुरीला ती जेमतेम लागते.

काजूचा कारखाना मी या खेपेला पहिल्यांदाच आतून पाहिला. छोटाच, घरामागच्या लांबट शेडमधला. आदल्या दिवशी वाफवून गार केलेल्या बिया टोपल्यांत होत्या. बायका ओळीने यंत्रांपुढे बसलेल्या. एका हाताने बी दोन पात्यांमध्ये धरायची, पायाने खालचा दांडा दाबायचा, दुसऱ्या हाताने मूठ वळवायची. टरफल दुभंगतं आणि आतला गर अणकुचीदार तारेने अलगद सुटा करायचा. हे सगळं मला लिहायला लागलं त्याच्या कितीतरी कमी वेळात होतं. टरफलातलं तेल जहाल. रंगात आणि गाड्यांच्या ब्रेकच्या अस्तरात ते वापरतात, आणि कातडीला लागलं की भाजतं. म्हणून बसण्याआधी प्रत्येकीने हातांना खोबरेल चोळलं होतं, वर राख. तरी नखांच्या कडा काळ्याच. सोललेला गर भट्टीत सुकवतात, मग त्याची तांबूस साल सुरीच्या टोकाने काढायची आणि निवड करायची: अख्खा, पाकळी, तुकडा. अख्ख्यातही प्रतवारी. 'डब्ल्यू ३२०' म्हणजे एका पौंडात जास्तीत जास्त तीनशेवीस गर बसावेत. पौंड आपल्या बाजारातून केव्हाच गेला, पण या टेबलावर तो रोज मोजला जातो. प्रतवारी करणाऱ्या आजींना मोजावं लागत नव्हतं. त्या बोटांनी चाळत होत्या आणि मोठे-लहान गर आपोआप वेगळ्या ताटांत जात होते. "डोळ्यांनी दिसना नाय आता," त्या म्हणाल्या, "बोटांका कळता."

आता हंगामातली इथली बी कारखान्यांना वर्षभर पुरत नाही. आफ्रिकेतून कच्ची बी येते, समुद्रानेच, फक्त ती मोठ्या बंदरांत उतरते आणि ट्रकने इथे पोचते. काजूचं पाकीट घेणाऱ्या पर्यटकाने दुकानात एवढं तरी विचारावं, की ही बी इथली आहे का. 'वेंगुर्ला काजू'ला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, तेव्हा विचारायचा हक्क त्याला आहे. आणि फेब्रुवारी-मार्चात येणाऱ्याने पाकिटं बाजूला ठेवून ओल्या काजूगरांची उसळ मागावी. ती कुठल्याही पाकिटात मिळत नाही.

पहाटे किनाऱ्यावर रापण पाहायला मिळाली. होडीने मोठ्या अर्धवर्तुळात जाळं टाकून झालं होतं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि प्रत्येक दोरावर माणसांची रांग. ओढायची एक लय असते. पुढचा माणूस मागे जातो, पाण्यातला दोर वाळूत वेटोळं होऊन पडत जातो, कुणी हुकूम देत नाही. तासाभराने जाळ्याचा घोळ उथळ पाण्यात आला. तारले भरपूर, थोडे बांगडे, चार-दोन सौंदाळे. हात लावणाऱ्याला वाटा मिळतो, अगदी वाटेने जाणाऱ्यालाही, हा रापणीचा रिवाज. आणि याच रिवाजावर गदा आली आहे. रापणकर किनाऱ्याला बांधलेला. मासळी त्याच्यापर्यंत यावी लागते, आणि ती यायच्या आत पर्ससीन जाळ्यांच्या मोठ्या नौका बाहेरच्या बाहेर थवेच्या थवे उचलतात. राज्य सरकारने २०१६ मध्ये पर्ससीनवर कडक निर्बंध घातले, प्रखर दिवे लावून मासे पकडायलाही बंदी आहे. कागदावरचं हे समुद्रात किती उतरतं, हा प्रश्न सिंधुदुर्गाच्या प्रत्येक मच्छीमार सभेत विचारला जातो. रापणीचे फोटो काढणाऱ्या पर्यटकाच्या जेवणातली सुरमई कुठल्या जाळ्यातली आहे, हाही त्याच प्रश्नाचा भाग आहे.

किनाऱ्याची राखण करणारी माणसं गावोगाव आहेत. वायंगणीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. गावकरी घरटी शोधतात, कुंपणात सुरक्षित ठेवतात, दीड-दोन महिन्यांनी पिल्लं समुद्रात सोडतात. निवतीसमोरच्या समुद्रातल्या खडकांच्या रांगेला, वेंगुर्ला रॉक्सला, जहाजं घाबरत, म्हणून तिथे दीपगृह झालं. त्याच खडकांच्या गुहांत भारतीय पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे. ही पाकोळी स्वतःच्या लाळेने घरटं बांधते आणि परदेशात त्या घरट्यांचं सूप करतात. त्यासाठी इथून चोरून घरटी काढली जात होती. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने ते उजेडात आणलं, लढा दिला आणि वसाहत वाचवली.

नगरपालिकेचंही एक काम सांगण्यासारखं आहे. परबवाड्याला पूर्वी गावाचा उकिरडा होता. रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना, २०१५ नंतरच्या काळात, घराघरांतून कचरा वेगवेगळा करून घ्यायला सुरुवात झाली. प्लास्टिक बारीक करून डांबरी रस्त्यांत घातलं, ओल्या कचऱ्याचं खत आणि गॅस केला, आणि त्या उकिरड्याची बाग झाली. बाहेरगावच्या नगरपालिकांची माणसं ती बघायला येऊ लागली. हे शक्य झालं याचं श्रेय रोज चार डबे वेगळे ठेवणाऱ्या बायकांनाही आहे, आणि ते त्यांना दिलेलं मी अजून कुठे वाचलेलं नाही.

दक्षिणेकडे जाताना मोचेमाडची खाडी ओलांडली की दशावताराचा मुलूख. जत्रेच्या रात्री देवळासमोर मंडप, एक बाकडं, पेटी आणि पखवाज, आणि त्या बाकड्याचं कधी सिंहासन, कधी पर्वत. पुढे आरवलीला वेतोबा. उभी, माणसापेक्षा उंच मूर्ती, पूर्वी फणसाच्या लाकडाची, आता पंचधातूची. त्याला केळ्यांचा घड आणि चामड्याच्या प्रचंड चपला वाहतात. तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि चपला झिजतात, अशी श्रद्धा. वाहिलेल्या चपलांच्या तळव्यांकडे मी वाकून पाहिलं. माझ्याबरोबर रांगेत असलेला प्रत्येक जण तेच करत होता. जयवंत दळवींची आरवली ती हीच, 'सारे प्रवासी घडीचे' मधली.

शिरोड्याला मिठागरं आहेत. १९३० च्या मे महिन्यात इथे सत्याग्रह झाला, आणि महाराष्ट्रातल्या मिठाच्या लढ्यातलं हे एक मोठं ठिकाण ठरलं. गावोगावचे सत्याग्रही येऊन मीठ उचलत होते आणि लाठ्या खात होते. वि. स. खांडेकर तेव्हा इथल्याच शाळेत शिकवत होते. १९२० पासून १९३८ पर्यंत ते शिरोड्यात होते, आणि ज्या लेखकाला पुढे १९७४ चा ज्ञानपीठ मिळाला तो इथल्या वर्गात, इथल्या दारिद्र्याच्या शेजारी घडला. मिठागरात अजून काम चालतं. भरतीचं पाणी आडव्या-उभ्या बांधांच्या वाफ्यांत घ्यायचं, उन्हात दाट होऊ द्यायचं आणि फळीच्या दांड्याने मीठ कडेला ओढायचं. ओढणाऱ्या माणसाच्या पोटऱ्यांवर पांढरा थर होता. या मिठाला पिशवीतल्या मिठाचा भाव नाही.

चिपीचा विमानतळ २०२१ मध्ये सुरू झाला, तो वेंगुर्ला तालुक्यातच आहे. जिल्हा १९९७ पासून पर्यटन जिल्हा म्हणवतो. पण आलेला बहुतेक पर्यटक वेंगुर्ल्यात मासे-भात जेवतो आणि रेडीच्या गणपतीला नमस्कार करून, तेरेखोलची खाडी ओलांडून गोव्याला जातो. त्याला दोष देत नाही, कारण थांबण्यासारखं काय आहे ते त्याला सांगणारं कुणी भेटत नाही. बंदर, वखार, बाजार, गाडीअड्डा, कॅम्प, सेंट ल्यूक्स, फळ संशोधन केंद्र ही वाट एका सकाळीत पायी होते. खर्डेकर महाविद्यालयात इतिहास शिकणारी मुलं-मुली गावात आहेत. वखारीच्या भिंतींतली झाडं मुळासकट काढून दगडांचे सांधे भरून घेतले, आणि या मुलांना चार पैसे देऊन लोकांना फिरवायला लावलं, तर पुढच्या हंगामापासून हे सुरू होऊ शकतं. झाडं काढायला मात्र एवढाही उशीर परवडणारा नाही. पूर्वेकडच्या भिंतीतला वड मनगटाएवढा झाला आहे.